बाटलीवर नाव चालते, हातात पेला नाही

मद्यविक्री वाढवायची असेल, तर मद्याला महिलांची नावे द्या, असा सल्ला तत्कालीन जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या कार्यक्रमात दिला होता. कारखान्याच्या ‘महाराजा’ या मद्याचे नाव ‘महाराणी’ करावे, असे त्यांनी सुचविले. टीकेची झोड उठताच त्यांनी माफी मागितली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, मुलीही बिअर पिऊ लागल्याने भीती वाटू लागल्याचे विधान गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रिकर यांनी केले. बाटलीवर स्त्रीचे नाव चालते, तिच्या हातातील पेला मात्र खटकतो, हा विरोधाभास या दोन विधानांतून स्पष्ट होतो.

जिथे स्त्रीचे मद्यपान स्वीकारले जाते, तिथेही तिने काय प्यावे हे आधीच ठरलेले असते. व्हिस्की आणि रम ‘मर्दानी’. वाइन, ब्रीझर आणि रंगीत कॉकटेल ‘बायकी’, अशी वाटणी शहरी परमिट रूम आणि पबमध्ये रूढ आहे. व्हिस्की मागविणाऱ्या महिलेकडे वळून पाहिले जाते आणि गोड पेय मागविणाऱ्या पुरुषाची टिंगल होते. उद्योगही याच समजुतीवर बाजारपेठ उभारतो. ‘जॉनी वॉकर’ने २०१८ मध्ये अमेरिकेत ‘जेन वॉकर’ ही मर्यादित आवृत्ती आणली, तेव्हा महिलांना वेगळी व्हिस्की कशाला हवी, असा सवाल अनेकींनी केला.

ही वाटणी शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. २७५ मिलिलिटरच्या, ४.८ टक्के अल्कोहोल असलेल्या ‘सौम्य’ बाटलीत सुमारे १३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्येही जवळपास तितकेच असते. ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ नावाला चहा असला, तरी त्यात व्होडका, जिन, रम आणि टकीला एकत्र असतात. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तितक्याच अल्कोहोलचा परिणाम तिच्यावर अधिक होतो. ‘बायकी’ पेय म्हणजे निर्धोक पेय, हा समज म्हणूनच घातक ठरतो. दुसरीकडे, ‘कडक’ पेय पचविण्यातच पुरुषार्थ मानणारा तरुण थांबण्याची वेळ ओळखूनही थांबू शकत नाही.

या समजुतींना परंपरेचा आधारही तकलादू आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात राणी इरावती मद्याच्या अमलाखाली रंगमंचावर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष आणि जेमतेम एक टक्का महिला मद्यपान करतात. अरुणाचल प्रदेशात मात्र हेच प्रमाण अनुक्रमे ५३ आणि २४ टक्के आहे. ‘भारतीय संस्कृती’ या नावाखाली एकच नियम सर्वांना लावता येत नाही, हे त्यावरून दिसते.

कायद्यानेही कधीकाळी हाच चष्मा लावला होता. मद्य प्राशन केले जाते अशा ठिकाणी महिलांना नोकरी नाकारणारे १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातील कलम सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये घटनाबाह्य ठरविले. संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीचे स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. तरीही जानेवारी २००९ मध्ये मंगळूरमधील पबमध्ये घुसून तरुणींना मारहाण झाली.

मद्यपानाचे समर्थन करण्याचा हा प्रश्न नाही. कोणत्याही प्रमाणातील मद्य आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्येच स्पष्ट केले आहे. हा इशारा स्त्री आणि पुरुष दोघांनाही आहे. चिंता आरोग्याची असेल, तर ती पुरुषाच्या चौथ्या पेगबाबतही तितक्याच गांभीर्याने व्यक्त व्हायला हवी. ती केवळ स्त्रीच्या पहिल्या पेल्यापाशीच जागी होत असेल, तर तिला चारित्र्याची पहारेदारी म्हणावे लागेल.