खेड्यात डॉक्टर व्हायचे, तर पदव्युत्तर शिक्षण कशात?

नीट-पीजीचा निकाल लागला की आपल्या सभासदांपैकी दोन-चार घरांत तरी एकच चर्चा सुरू होते : या रँकवर रेडिओलॉजी मिळेल की स्किन? अशा वेळी एखादी मुलगी म्हणाली, "मला खानापूरकडच्या खेड्यात काम करायचे आहे," तर घर गप्प होते. विरोध असतोच असे नाही. तिने कोणती जागा घ्यावी हेच आपल्याला सांगता येत नाही.

सरकारी निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात 30,000 आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. तेथे एकाच सकाळी तापाचे मूल, गरोदर बाई, साप चावलेला शेतकरी आणि साखर वाढलेले आजोबा येतात. तेव्हा तीन वर्षांत कोणकोणते रुग्ण हाताखालून जातील, हा पहिला प्रश्न. रँकचा मान त्यानंतर.

या कामाला सर्वांत जवळचा विषय म्हणजे फॅमिली मेडिसिन. डीएनबीच्या तीन वर्षांत मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग अशा विभागांतून फिरून शिकावे लागते. 2020 पासून राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाला चालना देण्याचे म्हटले आहे. कम्युनिटी मेडिसिन नावाने जवळचे वाटते, पण त्याचा भर साथी, लसीकरण, आकडेवारी व कार्यक्रम चालवण्यावर. रोज रुग्ण तपासायचे असतील, तर हा फरक आधी समजून घ्यावा.

मग अडते कुठे? सामुदायिक आरोग्य केंद्रात तज्ज्ञ म्हणून मोजले जातात ते सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ. फॅमिली मेडिसिनवाल्याला तेथे तज्ज्ञाचे पद व पगार मिळेल का, हे राज्याच्या भरती नियमांत पाहूनच ठरवावे. सरकारी नोकरीच हवी असेल, तर जनरल मेडिसिन किंवा बालरोग हा व्यवहार्य मार्ग ठरतो. कायदा एकीकडे आणि पदे दुसरीकडे, हा दोष धोरणाचा आहे. त्याची किंमत मात्र मुलांना मोजावी लागते.

जागा निवडताना आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. रुग्णालयात प्रसूती व अपघाताचे रुग्ण येतात का, आणि निवासी डॉक्टरला ते हाताळू देतात का? एमडी-एमएसला जिल्हा रुग्णालयात तीन महिने काढावे लागतात, ते कोठे? बाँड किती वर्षांचा, आणि मोडला तर दंड किती? कर्नाटकात सक्तीच्या सेवेचा कायदा 2012 चा आहे. त्याचे आजचे नियम प्रवेशापूर्वी वाचावेत.

आमच्या बँकेतही बढतीआधी ग्रामीण शाखेत जावे लागे. काहींनी तेथे फक्त दिवस मोजले. ज्यांनी पीककर्ज आणि जमिनीचे उतारे मन लावून शिकून घेतले, त्यांच्या शाखा चालल्या. जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 मध्ये आणि गडचिरोलीत बंग दांपत्याने 1986 मध्ये काम उभे केले, तेही तयारीनिशी. नुसत्या तळमळीवर दवाखाना चालत नाही.

आपल्या घरातली मुलगी खेड्यात जाते म्हणाली, तर "वेडी आहेस का" म्हणण्याआधी तिच्यासोबत बसून ही यादी तपासू या. एवढे तरी आपण वडीलधाऱ्यांनी करायला हवे.