गाडीत मुक्काम असेल तर दाराचे कुलूप



नागपूरची धंतोली आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल, आणि ती हौसेने पाहिलेली नसेल. मूळची ही शांत बंगल्यांची वस्ती. एका अंगाला वर्धा रोड, दुसऱ्या अंगाला रेल्वे, मध्ये यशवंत स्टेडियम आणि रामकृष्ण मठ. आज मात्र गल्लीगल्लीत दवाखाने आहेत. वर्धा, यवतमाळ, भंडारा, चंद्रपूर इकडूनच नव्हे, तर छिंदवाडा-बालाघाटकडूनही पेशंट घेऊन माणसे येतात. पेशंट आत भरती होतो, त्याच्याजवळ एकाला बसू देतात. उरलेल्या तिघा-चौघांनी कुठे जावे? लॉजचे भाडे आठवडाभर परवडत नाही. मग ज्या गाडीतून आलो तीच गाडी घर होते. मागची सीट पाडून सतरंजी अंथरायची, कपड्यांचे बोचके एका कोपऱ्यात, पाण्याची कॅन, डबा, औषधांची पिशवी. आठ दिवस असेच निघतात.

शहरातल्या हौशी लोकांसाठी आता बिछाना-स्वयंपाकघरासकट तयार मोटारघरे निघाली आहेत. त्यांना कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये त्यांच्या पर्यटनासाठी खास धोरणही केले. आपली बोलेरो, ओम्नी किंवा भाड्याची ट्रॅव्हलर काही त्या तोलाची नसते. पण दाराचा प्रश्न दोघांचा एकच आहे. धंतोलीत गाडी उभी करायला जागा मिळत नाही, हे गाऱ्हाणे तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेले आहे. त्यामुळे गाडी दवाखान्यासमोर क्वचितच राहते. ती दोन गल्ल्या पलीकडे, एखाद्या भिंतीच्या कडेला असते. डॉक्टर राउंडला आले की सगळे वर धावतात आणि गाडी एकटी पडते. रात्री त्याच गाडीत घरातली दोन माणसे झोपतात.

म्हणजे एकाच दाराला दोन कामे करायची आहेत. दिवसा बाहेरच्याला आत येऊ द्यायचे नाही, आणि रात्री आतल्याला क्षणात बाहेर पडता आले पाहिजे. आपल्या जुन्या घरांनी हे कोडे केव्हाच सोडवलेले होते. वाड्याच्या दाराला आतून अडसर असे. बाहेरून कितीही धक्के द्या, तो हलत नसे, पण आतून दहा वर्षांचे पोर तो सरकवू शके. कुलूप मात्र बाहेरून, घरात कोणी नसताना. आतून कडी आणि बाहेरून कुलूप ही दोन वेगळी साधने आहेत आणि ती दोन्ही एकाच वेळी लागता कामा नयेत. गाडीच्या बाबतीत आपण नेमके हेच विसरतो.

आधी बाहेरच्या कुलपाचे पाहू. बाजारात गेलो की आपण कुलूप हातात घेऊन त्याचे वजन पाहतो. कुलूप चांगले हवेच, पण चोर कुलपाच्या वाटेला फारसा जात नाही. लंडनला १८५१ साली मोठे प्रदर्शन भरले होते. तेव्हा हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा कंपनीचे अजिंक्य समजले जाणारे कुलूप किल्लीवाचून उघडून दाखवले. त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. धंतोलीच्या गल्लीत चोराला इतकी फुरसत नसते. त्याच्याजवळ एक पहार नाहीतर मोठा स्क्रू-ड्रायव्हर असतो. तो कोयंड्याच्या खाली घालतो, एक हिसका देतो, आणि कोयंडा स्क्रूसकट हातात येतो. कुलूप शाबूत राहते आणि सामान जाते.

याचे कारण गाडीचा पत्रा. तो जेमतेम एक मिलिमीटरचा, कित्येक गाड्यांत त्याहूनही पातळ. अशा पत्र्यात पिळाचा स्क्रू धरणार तरी कशाला? सागवानी चौकटीत दोन इंच रुतलेला स्क्रू आणि पत्र्याला टोचलेला स्क्रू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून कोयंडा बसवताना स्क्रू वापरूच नका. आरपार बोल्ट घाला. बोल्टचे डोके बाहेरून गोल आणि गुळगुळीत असावे, पाना किंवा पेचकस लागणार नाही असे. आतल्या बाजूला तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी द्या. ती कोयंड्यापेक्षा चांगली मोठी, निदान वीतभर लांब असू द्या. त्या पट्टीवर वॉशर आणि नायलॉनची कडी असलेला नट आवळा. साधा नट खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल होतो, हा होत नाही. आता ओढणाऱ्याला चार भोके नव्हे तर ती सारी पट्टी पत्र्यातून ओढून काढावी लागते.

गाडीचे दार दोन पत्र्यांचे असते आणि मध्ये पोकळी असते. बोल्ट जोरात आवळला तर दोन्ही पत्रे आत चेपतात आणि दार वाकडे होते. त्यासाठी पोकळीच्या मापाचा नळीचा तुकडा बोल्टवर चढवून मध्ये ठेवायचा. कुठलाही वेल्डर तो पाच मिनिटांत कापून देईल. याच पोकळीत काच खाली उतरते, लॉकची सळई फिरते आणि तारा जातात. म्हणून भोक पाडण्याआधी दाराचे आतले आवरण काढून घ्या, काच पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून पाहा, बॅटरीची ऋण तार सोडवा. नव्या गाड्यांत जिथे एअरबॅग किंवा सीटबेल्टची यंत्रणा असते त्या खांबाला तर हातच लावू नये. ज्याला ही जागा ओळखता येत नाही त्याने ड्रिल घेऊन स्वतः पराक्रम करण्यापेक्षा बॉडी बांधणाऱ्या कारागिराकडे जावे. पट्ट्या, बोल्ट, कोयंडे इतवारीच्या लोहा ओळीत मिळतात, आणि आपल्या तालुक्याच्या गावीही मिळतात. दवाखान्याच्या धावपळीत हे काम काढण्यापेक्षा गावाहून निघण्याआधीच करून घेतलेले बरे.

भोक पाडताना आधी जागेवर कागदी चिकटपट्टी लावून खूण करा, म्हणजे ड्रिल घसरून रंग खरवडत नाही. पहिले भोक बारीक पाडा, मग हव्या त्या मापाचे. कडा कानशीने साफ करून तिथे लाल प्रायमर लावा आणि लोखंडाचा चुरा झाडून काढा. हा चुरा तसाच राहिला तर पहिल्याच पावसात गंजतो आणि चांगल्या रंगावर तांबडे डाग पाडतो. कोयंडा आणि पत्रा यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा घातला की पाणी आत झिरपत नाही आणि खडखडही थांबते.

कोयंडा कुठे बसवायचा हेही महत्त्वाचे. सरकत्या दाराला तो दाराच्या मोकळ्या कडेवर आणि त्यापुढच्या खांबावर येतो. बसवण्यापूर्वी दार सावकाश मागे सरकवून पाहा. पुष्कळ वेळा सगळे काम झाल्यावर कळते, की कोयंडा बॉडीला घासतो आणि दार अर्धेच उघडते. मागच्या उंच जोडदाराला मधोमध एकच कोयंडा पुरत नाही. कोपऱ्यात पहार घातली की पातळ दार केळीच्या पानासारखे वाकते. वरच्या तिसऱ्या भागात एक आणि खालच्या तिसऱ्या भागात एक असे दोन लावा. मागच्या दाराच्या बिजागऱ्या बाहेर दिसत असतील तर त्यांचा खिळा ठोकून काढता येतो, मग कुलूप नुसते शोभेला. खिळ्याचे डोके वेल्डिंगने थोडे बुजवून घ्या. पण वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सोडवलेली असली पाहिजे आणि गादी, फोम, डिझेलची टाकी यांपैकी काहीही ठिणगीच्या टप्प्यात नसले पाहिजे.

आता कुलूप. आपल्या देशात कुलपांचे गाव म्हणजे अलिगढ. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून खात्रीचे देशी कुलूप घरोघर गेले. गाडीसाठी घेताना पितळी घ्या, ते पावसात अडत नाही. आतल्या लिव्हर जितक्या जास्त तितके दुसऱ्या किल्लीने उघडणे कठीण. आणि शक्य तर असे कुलूप घ्या ज्याची कडी झाकलेली असते. दुकानाच्या शटरला असते तसले गोल कुलूप या कामाला फार चांगले, कारण त्यात करवत किंवा कटर शिरायला जागाच नसते. किल्लीच्या भोकात खोबरेल किंवा इंजिन ऑइल ओतण्याची सवय सोडा. तेलाला धूळ चिकटते आणि चार महिन्यांत कुलूप जाम होते. शिसपेन्सिलीच्या शिशाची बारीक भुकटी फुंकून घातली की पुरे.

हे सारे झाले गाडी रिकामी असतानाचे. रात्रीचे त्याहून महत्त्वाचे आहे.

पुष्कळ घरांत काय होते, आई किंवा बायको-मुले गाडीत झोपतात आणि दवाखान्यात जागायला जाणारा पुरुष, “कोणी यायला नको,” म्हणून बाहेरून कुलूप लावून किल्ली खिशात घालून वर जातो. त्याचा हेतू चांगला असतो. पण हे कदापि करू नका. आत माणूस असताना बाहेरून कुलूप म्हणजे पिंजरा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. बस दाराच्या बाजूवरच पडल्याने दार बंद झाले. २५ प्रवासी गेले. जे थोडे वाचले ते काच फोडून बाहेर आले होते. तिथे कुलपाचा संबंध नव्हता, पण एक दार बंद झाले की झोपेतल्या माणसाजवळ किती थोडा वेळ उरतो ते त्या रात्री विदर्भातल्या अनेक घरांना कळले.

म्हणून आतून साधी सरकती कडी लावून घ्या, तीही वर सांगितल्याप्रमाणे पट्टी देऊन. ती किल्लीशिवाय, एका हाताने, अंधारात उघडली पाहिजे. दिवसाच्या कोयंड्यात रात्री कुलूप नसले तरी बाहेरचा खोडसाळ माणूस त्यात काडी किंवा खिळा अडकवू शकतो. तेव्हा झोपण्यापूर्वी कोयंडा मागे दुमडून आतल्या बाजूला घेता येईल असा, नाहीतर सुटा निघणारा बसवा. दुसरे एक दार कायम मोकळे राहू द्या. चालकाचे दार आतून उघडते ना, ते रोज रात्री पाहा. ट्रॅव्हलरसारख्या गाडीला संकटकाळी बाहेर पडण्याचे दार असते. त्याच्यासमोर पोती, गाद्या रचू नका आणि त्याला कुठलेही जादा कुलूप लावू नका. गाडीत झोपणाऱ्या प्रत्येकाने, म्हातारी आजी असो की सात वर्षांची मुलगी, डोळे मिटून ती कडी दोन-तीनदा उघडून पाहावी. हा खेळ पहिल्याच संध्याकाळी मुलांकडून करून घेतला तर मुलांचा वेळही चांगला जातो.

कडी घट्ट असली की माणूस निर्धास्तपणे काचाही पूर्ण बंद करतो. तसे करू नका. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, बंद गाडीची भट्टी होते. थंडीत कोणी आत शेगडी घेते, कोणी इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपते. कोळशाचा आणि इंजिनाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. तो झोपेतच माणसाला घेऊन जातो. शेगडी आणि स्टोव्ह गाडीबाहेर, इंजिन बंद, आणि दोन समोरासमोरच्या काचा चार बोटे उघड्या, आतून जाळी लावून. चार बोटांतून हात आत येऊन कडीपर्यंत पोचत नाही ना, एवढे कडी बसवतानाच मोजून घ्या.

किल्ल्यांचे थोडेसे. एक किल्ली गाडीजवळच्या माणसाकडे, दुसरी पेशंटजवळच्या माणसाकडे. चाकाखाली किंवा बंपरमागे ठेवायची नाही, ती जागा चोराला आपल्या आधी ठाऊक असते. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणून दुसरी किल्ली घरी नीट जपून ठेवलेली असावी. रिमोटने दार बंद केले तरी मूठ एकदा ओढून पाहावी. पैसे, आधार कार्ड, तपासण्यांची फाइल हे गाडीत ठेवण्याचे सामानच नव्हे. काच फोडायला कुठलेच कुलूप अडवत नाही. रात्री कोणी दार खटखटवू लागले तर उतरून वाद घालण्याऐवजी आतूनच हॉर्न वाजवा आणि ११२ क्रमांक फिरवा. चोरी झालीच तर धंतोली पोलीस ठाणे त्याच भागात आहे, तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय परतू नका.

एक कायद्याची गोष्ट. कडी-कोयंडा लावणे वेगळे आणि सीट काढून कायमचा पलंग, गॅसची शेगडी बसवणे वेगळे. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या स्वरूपात असा बदल करायचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आधी आरटीओची परवानगी लागते. तशी परवानगी न घेता केलेला बदल अपघातानंतर विम्याच्या कागदावर उभा राहतो.

बसवून झाल्यावर पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट एकदा तपासा, कारण रबर दबते आणि बोल्ट किंचित सैल होतात. त्यानंतर वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, पाना फिरवला की भागते.