माइकपासून दूर राहिलेले नागरिक

बसवनगुडीत व्याख्यानांची कधी वाण नसते. गांधी बाजारात कॉफी घ्यावी आणि तिथून चालत एखाद्या सभागृहात जाऊन देशाच्या प्रश्नांवरील चर्चा ऐकावी, ही इथली जुनी सवय. अशा व्यासपीठांवरून जंगल, विस्थापन आणि आदिवासींचे हक्क यांविषयी मीही बोललो आहे. सोबत कधी निवृत्त वनाधिकारी असत, कधी वकील, कधी पत्रकार. ज्यांच्याविषयी आम्ही बोलत होतो, त्यांच्यापैकी कोणी शेजारच्या खुर्चीवर बसल्याचे मला आठवत नाही. त्या वेळी ही उणीव मला जाणवलीही नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

कागदावर पाहिले तर आदिवासींच्या प्रतिनिधित्वाची व्यवस्था भक्कम आहे. 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या 8.6 टक्के आहे. लोकसभेच्या 543 पैकी 47 जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. 2022 पासून राष्ट्रपतिपदी द्रौपदी मुर्मू आहेत. परंतु सभागृहात विधेयक येण्याच्या कितीतरी आधी त्याविषयीचे मत वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर घडलेले असते. तिथे मात्र कोणतीही जागा राखीव नाही. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी 2019 मध्ये केलेल्या पाहणीत वृत्तमाध्यमांतील 121 नेतृत्वपदे तपासली गेली. त्यांपैकी एकावरही दलित वा आदिवासी व्यक्ती नव्हती.

याची किंमत काय असते, ते त्याच वर्षी दिसले. वनहक्क कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिकाकर्त्यांत बेंगळूरुची वाइल्डलाइफ फर्स्ट ही संस्था आघाडीवर होती. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत, अशांना जंगलातून हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले. फेटाळलेल्या दाव्यांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. देशभर निदर्शनांची हाक दिली गेली, केंद्र सरकार पुन्हा न्यायालयात गेले आणि 28 फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. दावे फेटाळताना योग्य प्रक्रिया पाळली गेली होती का, हा प्रश्न न्यायालयाने राज्यांना त्यानंतर विचारला. गावोगावच्या दावेदारांचा प्रश्न तोच होता. तो आधीच राष्ट्रीय चर्चेत आला असता, तर लाखो कुटुंबांना ते पंधरा दिवस टांगणीला लागून काढावे लागले नसते.

आदिवासींना या चर्चेची सवय नाही, असे म्हणणाऱ्यांना संविधान सभेतच उत्तर मिळाले होते. जयपालसिंह मुंडा यांनी डिसेंबर 1946 मध्ये तिथे ठणकावून सांगितले की, आदिवासींना लोकशाही शिकवण्याची गरज नाही. ती इतरांनीच त्यांच्याकडून शिकावी. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावात हे विधान आजही पडताळता येते. तिथे अभ्यासगटात विषयाची चर्चा होते आणि ग्रामसभा बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेते. 2009 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनखात्याशी झगडावे लागले. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. मंत्री आल्यावर कॅमेरेही आले. त्याआधीच्या दोन दशकांत गावाने केलेला विचार मात्र फार थोड्या संपादकांपर्यंत पोहोचला होता.

हे अंतर कमी करण्याचा एक प्रयोग माझ्याच शहराच्या मदतीने उभा राहिला. शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’साठी बेंगळूरुच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने तंत्रसाहाय्य केले. मध्य भारतातील कोणीही साध्या फोनवरून क्रमांक लावून आपल्या भाषेत, गोंडीतही, बातमी सांगायची. संपादकांनी ती तपासायची आणि इतरांनी फोनवरच ऐकायची. रखडलेली मजुरी, बिघडलेला हातपंप, न मिळालेले रेशन असे विषय त्यातून अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचले. फोनचा आधार घ्यावा लागला, कारण रेडिओचा रस्ता बंद होता. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारे खुली झाली. पण या केंद्रांना स्वतः गोळा केलेल्या बातम्या प्रसारित करण्याची परवानगी देण्यात आली नाही.

यामागे सुरक्षेचे कारण दिले जाते. माओवादी हिंसेची झळ सोसलेल्या भागांत अफवांची भीती खोटी नाही. मात्र शेकडो खासगी वाहिन्या दिवसरात्र बातम्या देतात आणि त्यांच्या चुकांसाठी आपण नियम व न्यायालये पुरेशी मानतो. भामरागडच्या रेडिओकेंद्रासाठी तेवढाच भरवसा का नसावा? स्थानिक, पडताळलेल्या बातम्यांना परवानगी देणे आणि गैरवापर झाल्यास परवाना रद्द करणे, हा मार्ग सरकारला उपलब्ध आहे. गोंडीचा प्रश्नही असाच अडलेला आहे. 2011 मध्ये सुमारे तीस लाख लोकांनी तिची मातृभाषा म्हणून नोंद केली. बोडो आणि संथाली 2003 च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या. गोंडी अजूनही बाहेर आहे.

आम्हा नागर विचारवंतांना मात्र कोणत्याही घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. सभागृहातील ती खुर्ची निमंत्रण पाठवून भरता येते; सोबत दुभाषी द्यावा लागेल आणि प्रवासखर्च करावा लागेल, इतकेच. वनहक्कांवर पुढच्या वेळी बोलायला बोलावले गेले, तर ही अट मी आधीच घालणार आहे.