लाइट गेली, पण खांबावर कोण चढलंय?

पावसाळा लागला की किन्हवली-डोळखांबपासून टोकावडे-धसईपर्यंत एक गोष्ट ठरलेली. वारं सुटतं, फांदी तारेवर येते, लाइट जाते. असाइनमेंट अर्धी, मोबाइल 9 टक्क्यांवर. मग इन्व्हर्टर हवाच, असं आपण घरी पटवतो. घ्या, जरूर घ्या. माझं म्हणणं त्याच्या वायरिंगबद्दल आहे, कारण ते बऱ्याचदा आपल्यातलंच कुणीतरी करतं. एक व्हिडिओ बघून.

सगळ्यात घातक जुगाड म्हणजे दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावलेली वायर. एक टोक इन्व्हर्टरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की घरभर उजेड! पण ही वीज उंबरठ्यावर थांबत नाही. मेन स्विच चालू राहिला तर ती मीटरमधून उलटी सर्व्हिस वायरवर आणि तिथून खांबावर जाते. रिटर्न सप्लाय म्हणतात तो हाच. डीपी 11 हजार व्होल्ट उतरवून आपल्याला 230 देते. उलट्या बाजूने 230 दिले, तर तीच डीपी ते पुन्हा हजारोंवर चढवते.

‘एवढासा इन्व्हर्टर, गावाचा लोड आला की ट्रिपच होणार,’ असं कुणी म्हणेल. बरेचदा होतोही. पण तुमची तुटलेली सर्व्हिस वायर जोडायला कुणी खांबावर चढलं असेल, तर मध्ये गावाचा लोड नसतोच. त्याच्या हातात थेट तुमचे 230 व्होल्ट. लाइन तपासून, अर्थिंग करूनच तार धरायची, हे त्याला शिकवलेलं असतं. पण भर पावसात, फोनवर फोन येत असताना, सगळी भिस्त त्याच्यावर टाकून आपण मोकळं व्हायचं? तो तर बहुधा आपल्याच पट्ट्यातला, आयटीआय करून कंत्राटावर लागलेला, तुमच्याहून दोन-चार वर्षांनी मोठा पोरगा असतो.

‘आम्ही आधी मेन पाडतो की!’ दर वेळी? रात्री अडीचला, झोपेतसुद्धा? शिवाय एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत करंट असतो. आणि मेन चालू असताना लाइट परत आली, तर इन्व्हर्टर जळालाच समजा.

नीट पद्धत काही अवघड नाही, फक्त ती लायसनवाल्या वायरमनकडून करून घ्यायची. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दिवे-पंख्यांचा फेज वेगळा ओढायचा. तो मेनच्या फेजला बोर्डात कुठेही चिकटता कामा नये. अख्खं घर चालवायचं असेल तर डबल पोल चेंजओव्हर स्विच हवा, म्हणजे एका वेळी एकच सप्लाय, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात. न्यूट्रलची अदलाबदल झाली की आरसीसीबी सारखा ट्रिप होतो. तेव्हा काही महाभाग आरसीसीबीच काढून टाकतात! चूक वायरिंगची, शिक्षा रखवालदाराला.

बॅटरीलाही हलक्यात घेऊ नका. 12 व्होल्टवर 600 वॉट चालवायचे तर 50 अँपिअरहून जास्त करंट ओढला जातो. म्हणून जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि हवेशीर जागा, पलंगाखाली नको.

काम झाल्यावर वायरमनला एकच विचारा: ‘लाइट गेल्यावर इन्व्हर्टरचा फेज मीटरपर्यंत पोचू शकतो का?’ तो ‘नाही’ म्हणाला, तर का नाही ते कागदावर काढून मागा.

आणि माळ्यावर ती दोन टॉपवाली वायर सापडली, तर आधी दोन्ही टॉप कापून टाका. वायर ठेवा, कामाला येईल.