लेकराच्या ओळीत मायचा नंबर



मागल्या रविवारी आम्ही पिंप्राळ्यात विहाराच्या पायरीवर बसलो होतो. डाळ मिलमध्ये कामाला जाणारी एक माउली जवळ आली नि म्हणाली, "भाऊ, माझी पोरगी बीसीएला आहे. रात रात वहीत पेरेंट अन् चाइल्ड, पेरेंट अन् चाइल्ड लिहीत बसते. मायबाप अन् लेकरू, हे काय कॉलेजात शिकायचं असतं का?"

उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. म्हणून पोरीलाच बोलावले. तिने वही नि संगणक दोन्ही आणले आणि तासभर समजावले. ते ऐकून आम्हाला वाटले, हा विषय केवळ कॉलेजचा नाही, आपल्या घराघराचा आहे. म्हणून येथे मांडतो.

अभ्यासिकेत येणाऱ्या लेकरांची नोंदवही संगणकावर करायची, हे तिचे काम. कोण कोणाचे, नि लेकरू आजारी पडले तर कोणाला बोलवायचे, एवढे त्यातून कळले पाहिजे. पहिला तक्ता तिने आपण सगळे आखू तसाच आखला. पालकाचे नाव आणि त्यापुढे तीन रकाने: मूल १, मूल २, मूल ३. चार लेकरांचे घर आले नि रकाने संपले. एकाच लेकराच्या घरापुढे दोन रकाने रिकामे राहिले. सरांनी त्यावर रेघ मारली.

मग काय करायचे? उलटे करायचे. पालकाच्या ओळीत लेकरे लिहायची नाहीत, लेकराच्या ओळीत पालकाचा नंबर लिहायचा. लेकरे दोन असोत की सात, प्रत्येकाची एक ओळ नि प्रत्येक ओळीत पालकाचा तोच नंबर. एका घरची लेकरे किती हे पाहायचे, तर तो नंबर असलेल्या ओळी मोजायच्या. अशा जोडलेल्या तक्त्यांची रीत आयबीएम कंपनीतले संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. आजही बहुतेक कचेऱ्यांतल्या नोंदी तिच्यावर चालतात.

खरे तर ही रीत आपल्या नावातच आहे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले ते 'भिवा रामजी आंबेडकर' असे. लेकराच्या ओळीत बापाचे नाव! बापाच्या नावापुढे लेकरांची यादी कोणी लावत नाही.

मग नावच का नको, नंबर कशाला? कारण एका कागदावर शांताबाई, दुसऱ्यावर शांता आणि तिसऱ्यावर शांताबाइ लिहिलेले असते. माणसाला ती एकच बाई कळते, संगणकाला त्या तिघी वाटतात. शिवाय वस्तीत एका नावाच्या दोघी असतातच. नंबर मात्र एकीचा एकच. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला, तो आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी. तोही याच कामाचा: नावे सारखी असली तरी माणूस वेगळा ओळखू यावा. पोरीने मात्र कोणाचा आधार मागितला नाही. साधे १, २, ३ असे अनुक्रमांक दिले. आम्हाला ते पटले. छोट्या वहीसाठी लोकांचे मोठे कागद कशाला गोळा करायचे?

आता तिची खरी अडचण सांगतो. प्रोग्राम चालू असतो तेव्हा संगणकाच्या मेमरीत पालक नि लेकरू अशा दोन वस्तू असतात. त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. तेथे घरातल्यासारखे असते. पालकाला आपली सगळी लेकरे ठाऊक, नि लेकरालाही आपला पालक ठाऊक. दोघांनी एकमेकांचा हात धरलेला. पण संगणक बंद केला की मेमरी पुसली जाते, उरतो तो तक्ता. आणि तक्त्यात हात एकाच बाजूने धरलेला असतो, लेकराच्या. पोरीने एके रात्री पालकाच्या यादीत दोन लेकरे घातली. पडद्यावर सारे बरोबर दिसले. सकाळी उघडते तो पालक लेकरांवाचून, नि लेकरांच्या ओळीत पालकाचा रकाना रिकामा. चूक एवढीच की लेकराच्या बाजूने नाते लिहिले नव्हते. घरातले नाते तक्त्यात कोणत्या बाजूने लिहायचे हे ठरवून देणे, याच कामाला मॅपिंग म्हणतात.

एवढे झाल्यावर माउली पडद्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यात मी कुठं आहे?"

पोरगी गप्प झाली. पालकाच्या रकान्यावर तिने 'वडील' असे लिहिले होते, तेही सवयीने. माय म्हणाली, "तुझा बाप सहा वर्षं झाली घरी नाही. फी मी भरते. अन् तुझ्या ओळीत नंबर त्याचा!"

वाचकहो, रकाने आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी पट्टी घेऊन ते आखतो. ज्याच्यासाठी रकाना नाही, ते माणूस कागदावर नाहीच. सरकारलाही हे उमगायला वेळ लागला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर लेकराचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव नि आडनाव असा क्रम महाराष्ट्राने ठरवला. अन्न सुरक्षा कायद्याने तर २०१३ सालीच रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही कुटुंबप्रमुख मानली.

पोरीने त्याच संध्याकाळी तक्ता मोडून नवा केला. एक तक्ता माणसांचा. दुसरा नुसता नात्यांचा: लेकराचा नंबर, मोठ्या माणसाचा नंबर आणि नाते काय ते. आई, वडील, सांभाळणारी आजी, सगळ्यांना जागा. एका लेकराच्या दोन ओळी असोत की तीन, कोणी बाहेर राहत नाही. आणखी एक खबरदारी तिने घेतली. पालकाची ओळ पुसली की लेकरांच्या ओळीही आपोआप पुसाव्यात, असा हुकूम संगणकाला देता येतो. तो तिने दिला नाही. कोणी वारले तर ओळ पुसायची नाही, तारीख लिहायची. म्हातारा गेला म्हणून नातवंडे वहीतून जाऊ नयेत.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. घरातली कागदपत्रे काढा: जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड. मायबापाची नावे सगळीकडे एकसारखी आहेत का, मायचे नाव आहे का, ते पाहा. चूक असेल तर प्रवेशाच्या धावपळीआधी दुरुस्तीचा अर्ज द्या. आणि घरातले पोर संगणक शिकत असेल तर त्याच्याजवळ बसून विचारा, "ह्यात मी कुठं आहे?"

निघताना माउलीने पडद्यावरची आपली ओळ पुन्हा एकदा पोरीकडून वाचून घेतली. तिचा नंबर होता सात.