निळ्या कापडातला खोटा पाऊस

आर्ट क्विल्टच्या प्रदर्शनांत पावसाचा रंग ठरलेला असतो: निळा. वर करड्या जॉर्जेटचे ढग, खाली चंदेरी दोऱ्याचे तिरके टाके, कोपऱ्यात छत्री, आणि नाव ‘श्रावणसरी’. माझी तक्रार अशी की या बारा इंची चौकोनांत पाऊस नसतोच. पावसाचं आपल्याला वाटणारं कौतुक असतं. त्यासाठी कविता आहेत, सिनेमाची गाणी आहेत. तुकड्याला तुकडा जोडणाऱ्या कलेला त्याहून वेगळं काही येतं: हिशेब ठेवणं.

मी पाऊस मोजून शिवते. हवामान खात्याचा मोसम १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे १२२ दिवसांचा. दिवसाला एक तुकडा, शिवून एक इंचाचा. अकरा ओळी, ओळीत अकरा तुकडे, भोवती अर्ध्या इंचाचा काठ, की बारा इंच पुरे. उरलेला शेवटचा दिवस पाठीमागच्या अस्तरावर. २.५ मिलिमीटरहून कमी पाऊस झाला तर खात्याच्या लेखी तो पावसाचा दिवस नाही. तिथे कोरा मांजरपाट. पाऊस वाढेल तसा जुन्या लुगड्यांचा रंग गडद.

‘हा तर तक्ता झाला, यात कला कुठे?’ असं विचारलं जातं. तक्त्यातल्या शून्यावरून नजर सहज घसरते. शून्याचा तुकडा कापायला, जोडायला, त्यावर धावदोरा घालायला मात्र मुसळधार दिवसाइतकाच वेळ लागतो. सलग वीस कोरे तुकडे जोडले की पावसाचा खंड म्हणजे काय ते बोटांना कळतं. मोसम संपल्यावर बातमी येते, ‘सरासरीइतका पाऊस’. ज्याची पहिली पेरणी वाया गेली, ज्याने उसनवारी करून दुबार पेरणी केली, तो त्या सरासरीत कुठेच दिसत नाही. चौकोनात त्याचे वीस दिवस जवळजवळ दोन ओळी अडवून बसतात.

आणि नियम कधीतरी अपुरा पडतोच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहरात कुलाब्याला सुमारे ७४. खात्याची सर्वांत वरची पायरी २०४.४च्या पुढे सुरू होते, आणि तिच्या वर पायरीच नाही. २०५ आणि ९४४ एकाच रंगात शिवायचे? की तो एक तुकडा शेजारच्या दिवसांवर चढू द्यायचा? हा निर्णय शिवणारीलाच घ्यावा लागतो. कला विचारत होता ना, ती इथे आहे. पण आधी नियम पाळलेला असेल, तरच तो मोडण्याला अर्थ.

यंदा ‘श्रावणसरी’ शिवायला घेणाऱ्यांना एवढंच सांगणं: निळं कापड आणण्याआधी आपल्या तालुक्याचे रोजचे आकडे काढा. कृषी विभागाकडे ते असतात. त्यात श्रावण कोरडा निघाला, तर कोरडाच शिवा.