पाणी पाहून बोट

या अंकाच्या बऱ्याच वाचकांना कोरगाव कुठे, हे आधी सांगावे लागेल. चोर्ला घाट उतरून डिचोलीमार्गे पेडणे तालुक्यात शिरले की उत्तरेला तेरेखोल आणि दक्षिणेला शापोरा अशा दोन नद्या लागतात. त्यांच्या मधल्या मुलखात कोरगाव आहे. गावात पाण्याला तोटा नाही. तोटा आहे तो खोलीला. भरतीचे खारे पाणी खाडीतून आत येते, मातीचे बांध ते अडवतात, आणि बांधांच्या आत खाजनशेती. त्या शेतीतून जाणारा पाण्याचा सखल पाट म्हणजे पोंय. पाणी कुठे गुडघाभर, कुठे घोटाभर; आणि खाली चिखल असा, की एकटा उतरलेला माणूस दुसऱ्याने हात दिल्याशिवाय वर यायचा नाही!

आता अशा पाण्यावर रेडिओने चालणारी एखादी छोटी बोट सोडायची, तर ती कोणती? दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बोटींचा पंखा पाण्याखाली असतो. पोंयीत अशी बोट चार हात जाते, पंख्याला शेवाळ गुंडाळते आणि मुकाट्याने थांबते. मग तिला आणायला जायचे कोणी? इथे कामाची आहे ती एअरबोट. सपाट बुडाची होडी, मागे उंचावर पंखा, आणि पंखा ढकलतो ती हवा. पाण्याखाली अडकण्यासारखे काही नाहीच. फ्लोरिडातल्या गवताळ दलदलीत माणसे अशाच बोटींतून हिंडतात, आणि तेही याच कारणासाठी.

माझे म्हणणे एवढेच आहे की यंत्राचा विचार पाण्यापासून सुरू व्हावा. आपल्या महाविद्यालयांच्या विज्ञान-प्रदर्शनांतून तो सुरू होतो यादीपासून. बाजारातून संच आणायचा, सोबतच्या कागदाप्रमाणे स्क्रू पिळायचे, वर महाविद्यालयाच्या नावाची पट्टी चिकटवायची. असे यंत्र चालते, नाही असे नाही. पण ते असेच का, हे विचारले तर ‘संचात तसेच होते’ याहून दुसरे उत्तर मिळत नाही.

एअरबोटीचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. टेलिफोनचे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १९०५ साली कॅनडात नोव्हा स्कॉशियामधील बॅडेक येथे हवेतल्या पंख्यावर चालणारी एक बोट करवून घेतली. तिला नाव पडले ‘अग्ली डकलिंग’, म्हणजे कुरूप बदक. बोट बनवावी हा तिचा हेतू नव्हताच; विमानाचे इंजिन आणि पंखा जमिनीवर न आपटता तपासता यावा म्हणून ती पाण्यावर तरंगवली होती. रेडिओने चालणारी बोट त्याहून सात वर्षे जुनी. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ती चालवून दाखवली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट मिळवले. दोघांनीही आधी अडचण पाहिली, मग वस्तू केली.

आपल्याकडे मात्र १८९५ साली तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा दर स्नेहसंमेलनात ऐकू येते. त्या उड्डाणाला विश्वसनीय पुरावा नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा हवाला या कथेसोबत दिला जातो, त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले आहे. त्या कथेवर वाद घालण्यात जी संध्याकाळ जाते, तेवढ्यात थर्माकोलचे बूड कापून होते!

थर्माकोल विकत घ्यायचेही कारण नाही. केरी-हरमलच्या किनाऱ्यावर माशांच्या पेट्यांचे तुकडे लाटांबरोबर हवे तितके येऊन पडतात. बूड ५० सेंटिमीटर लांब आणि २५ रुंद घ्या, नाकाकडे थोडे वर वळवा. म्हणजे पाण्याला टेकणारे क्षेत्रफळ साधारण १२५० चौरस सेंटिमीटर. मोटर, बॅटरी, सर्व्हो, रिसीव्हर आणि बूड धरून सगळे वजन ५०० ग्रॅम झाले, तर बोट पाण्यात किती बुडेल? ५०० भागिले १२५०, म्हणजे ०.४ सेंटिमीटर. फक्त चार मिलिमीटर! आर्किमिडीजचा सिद्धान्त आपण सगळे शाळेत पाठ करतो. पण तो आपल्या हातच्या वस्तूला लावून पट्टीने मोजून पाहिला की त्याची गंमत वेगळीच.

चिकटवताना मात्र सावध राहावे. रबरी गोंद आणि तेलरंगातले द्रावण थर्माकोल अक्षरशः खातात. सुताराचा पांढरा गोंद चालतो, पण तो पाण्याला टिकत नाही. म्हणून त्या गोंदाने वर्तमानपत्राचे दोन थर द्यावेत, ते पुरते वाळू द्यावेत आणि कुठे भोक राहिले नाही ना हे पाहून मगच वॉर्निश लावावे. मोटरीचा खांब बांबूचा उत्तम. तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि सरासरी आठ अँपिअरचा खर्च धरला, तर बॅटरीचा पाचवा हिस्सा राखून सुमारे तेरा मिनिटे मिळतात. पंख्याभोवती जाळी हवीच. आठ इंची पंखा खेळण्यातला दिसतो, पण बोट कापायला तो पुरेसा आहे. आणि इथे मी बोट म्हणतो ते हाताचे!

खरी शिकवणी पाण्यावर सुरू होते. पंखा उंचावर असल्याने तो बोटीचे नाक पाण्यात दाबतो. म्हणून बॅटरी मागे सरकवावी लागते. पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा बोट उलट बाजूला कलते. म्हणून बॅटरी जराशी बाजूला घ्यावी लागते. न्यूटनचा तिसरा नियम असा चिमटा घेऊन भेटतो. सुकाणू वाऱ्याच्या झोतात असते, तेव्हा मोटर बंद केली की वळणेही बंद. या बोटीला ब्रेक नाही, मागे जाणे नाही. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा, या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे २००५ पासून परवाना लागत नाही. त्याची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणून रिसीव्हरची उघडी तार पाव लहरीएवढी, तीनेक सेंटिमीटर. ती ओली झाली किंवा मध्ये खारफुटीची दाट पाने आली की हुकूम पोचत नाही. संपर्क तुटताच मोटर आपोआप बंद होईल, अशी जोडणी आधीच करून ठेवावी.

जिथे पाणी बांधातून ये-जा करते त्या मानशीपासून दूर राहावे. तिथली ओढ फसवी असते. तिथे मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिलेला असतो, म्हणून विचारल्याशिवाय बोट सोडणे बरेही नव्हे. मानस मात्र जरूर पाहून यावी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने लाकडी दार उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. बॅटरी नाही, रेडिओ नाही. ती बांधणारे कोणत्याही महाविद्यालयात गेले नव्हते, पण आपले पाणी त्यांनी पुरते पाहिले होते.

‘हे श्रीमंतांचे खेळ आहेत,’ असे काही प्राध्यापक म्हणतील. सगळ्या सुट्या भागांची किंमत साध्या मोबाइलएवढी होते, आणि तो तर वर्गातल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. ‘याला गुण किती?’ हा दुसरा प्रश्न. याला उत्तर नाही, कारण गुणपत्रिकेत त्याचा रकाना नाही. पण ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्याला मी खाजनाच्या बांधावर नेईन.

खेकड्यांच्या बिळांनी बांध पोखरला की खारे पाणी आत झिरपते. पाऊस जमिनीतले मीठ धुऊन काढतो, म्हणूनच तिथे भात पिकते. कोरगुटासारखे जुने भात थोडे मीठ सोसते. पण झिरप वाढली की तेही हात टेकते आणि शेत पडीक पडते. गळती नेमकी कुठे, हे वरून दिसत नाही. चिखलातून चालत जाऊन पाण्याचे नमुने घेणेही कठीण. आपल्या बोटीवर शंभर ग्रॅम वाढवले तर ती जेमतेम आणखी एक मिलिमीटर बुडते. तेवढ्यात दुसरा एक सर्व्हो आणि त्याच्या दांड्याला शुद्ध पाण्यात धुतलेला स्पंजाचा तुकडा बसतो. दांडा खाली केला की स्पंज भिजला. बोट काठाला आली की बाटलीत पिळला. कापणीनंतर बांधाच्या कडेने दर वीस पावलांवर असा एक नमुना घ्यावा. सिल्व्हर नायट्रेटचे अनुमापन तर बी.एस्सी.चे विद्यार्थी करतातच, फक्त ते बाटलीवर चिठ्ठी लावलेल्या द्रावणावर करतात. त्याऐवजी एकदा या पाण्यावर करावे. ज्या नमुन्यात क्लोराइड एकदम वाढलेले निघेल, त्या जागेसमोरच्या बांधाची बिळे आधी तपासावीत आणि पुढची भरती येण्यापूर्वी बुजवावीत.